चुकायचं तर जोरात

ती माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलली, ते असं होतं : "तू फार सुरात आहेस. त्रास नाही होत?"

आमचं अकरावीचं वर्ष होतं. ठाण्याच्या कॉलेजात कुठल्याशा कार्यक्रमाला मी स्वागतगीत म्हणून स्टेजवरून उतरलेले. मॅडमनी पाठ थोपटलेली, पाहुण्यांनी नाव विचारलेलं. आणि ही मुलगी जिन्याच्या कठड्यावर पाय हलवत बसलेली. केस इतके वेडेवाकडे कापलेले, की काही आजारपण झालंय की काय, असं वाटून मी आधी सहानुभूतीनेच बघितलं. नंतर कळलं, दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने तिने ते स्वतःच कापले होते, तेही सख्ख्या मावशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.

"त्रास कसला?" मी विचारलं.

"एवढं बरोबर असण्याचा."

मला भयंकर राग आला. कल्याणला घरी पोचेपर्यंत तो राग टिकला. जेवताना आईने विचारलं, "कसं झालं गाणं?" मी म्हटलं, "बरोबर झालं." आणि तो 'बरोबर' शब्द माझा मलाच कसातरी लागला. लहानपणापासून मी गाण्याच्या क्लासला जात होते. एकेक परीक्षा दिलेली, प्रत्येकीत चांगले मार्क. नातेवाईक आले की आई म्हणायची, "म्हण गं काहीतरी," आणि मी म्हणायचे. त्यात मला कधी आनंद झाला का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्रास होतो का, हेही कुणी विचारलं नव्हतं. ते पहिल्यांदा हिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला शोधत गेले. भांडायलाच गेलेले. परत आले तेव्हा तिच्या बँडमध्ये होते.

बँड म्हणजे तोपर्यंत ती एकटीच. तिच्याकडे एक जुनं गिटार होतं, त्याला तीनच तारा. उरलेल्या तारा का नाहीत, असं विचारलं की म्हणायची, "तीनच लागतात." ते गिटार तिने आईच्या नेलपॉलिशने रंगवलेलं आणि वाजवायला बाथरूमच्या फुटक्या बादलीचा तुकडा घासून घेतलेला. तिचं सगळं संगीतशिक्षण एका मावसभावाने टाकून दिलेल्या छोट्या प्लेअरवर झालं होतं. त्याच्यात इंग्रजी पंक रॉकची गाणी होती. पण गाण्यांना नावं नव्हती, म्हणणाऱ्यांनाही नव्हती. स्क्रीनवर नुसते आकडे यायचे. ती म्हणायची, "आज सात नंबर ऐक, वेडी होशील." मी म्हटलं, फोनवर शोधू या ना, कुणाचं गाणं आहे ते एका मिनिटात कळेल. तर तिने माझा हात धरला.

"नको. नाव कळलं की टी-शर्ट येतो. मग आपण फॅन होतो. मला फॅन नाही व्हायचंय."

"मग काय व्हायचंय?"

"मला ते करायचंय."

पंक म्हणजे काय, हे तिने मला एकाच वाक्यात समजावलेलं : ज्याला वाजवता येत नाही, त्याने थांबून राहायचं नाही. ते ऐकून मी म्हटलं, पण मला येतं. ती म्हणाली, "म्हणूनच तुला बेस गिटार देतेय. तो तुला येत नाही."

तिसरा जयेश. तो बाळकुमचा, तिथल्या मूळच्या घरातला. त्याच्या आज्याची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता त्या जमिनींवर टॉवर उभे होते आणि टॉवरच्या कुशीत त्यांचं बैठं घर, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये पूर्वी म्हशी असायच्या. जयेश गावातल्या बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा. हळदीच्या समारंभात त्याचा हात सुरू झाला की म्हाताऱ्या माणसांनाही खुर्चीत बसवायचं नाही. पण कॉलेजात तो तोंड उघडायचा नाही. एकदा वर्गात तो 'गाडी'ला 'गारी' म्हणून गेलेला. तेव्हापासून मागच्या बाकावरची मुलं त्याला बघितलं की 'घोरागारी' करायची. तो हसून सोडून द्यायचा. हसणं त्याच्या तोंडापुरतंच असायचं.

हे तिला कळलं आणि तिने भलताच उपाय काढला. ती स्वतःच आठवडाभर जयेशच्या बोलीत बोलायला लागली. प्राध्यापकांशी, लायब्ररीच्या खिडकीवर, कँटीनमध्ये, सगळीकडे. हजेरीला "हाय मी आथं" म्हणाली आणि वर्गाबाहेर गेली. पण तिची ती बोली इतकी भयाण होती, की शेवटी जयेशनेच तिला जिन्यात गाठलं.

"ए बाई, तू बंद कर हे."

"का? त्यांना कळू दे की—"

"तुला येत नाय. तू चुकीचं बोलतेस. लोक तुला नाय हसत, मलाच हसतात. माझ्या आयची भाषा हाय ती. नाटक नाय."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. मी तिला सॉरी म्हणताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, पुढेही क्वचितच पाहिलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. मग तूच बोल." आणि त्याच दिवशी शेडमध्ये ठरलं, की प्रत्येक गाण्याच्या आधीचे आकडे जयेशने मोजायचे, त्याच्या आवाजात, त्याच्या पद्धतीने, घसा फाटेपर्यंत. पहिल्यांदा तो पुटपुटला. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मग एकदा जे "येऽऽक, दोन, तीन, च्याऽऽर!" आलं, त्याने पत्रे हादरले आणि घरातून त्याची आई बाहेर आली.

"कं रं, कोन मेला?"

"कोन नाय आये, गाना हाय."

"यो गाना?" तिने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "वरनभाताच्या पोरी दिसतान. यवरा आवाज कुटशी काढतान?"

मग तिने आम्हाला आत नेऊन जेवायला वाढलं. सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी. आमची गिटारवाली शुद्ध शाकाहारी घरातली. तिच्या घरी अंडंही येत नसे. तिने एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "हे सात नंबरसारखं आहे." जयेशच्या आईला काही कळलं नाही, पण ते कौतुकच आहे एवढं कळलं. तिने आणखी भाकरी वाढली.

बँडचं नाव 'वास' हे तिनेच ठेवलं. ती डोंबिवलीची, कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या वसाहतीत राहायची. ती म्हणायची, आम्हाला डोळे बांधून सोडलं तरी घरी जाता येतं. जयेश म्हणाला, "पोस्टरवर 'वास' लिहिलं तर लोक नाक धरून येतील." ती म्हणाली, "येतील ना? मग झालं."

गाणी मराठीतच करायची, यावर ती ठाम होती. मला वाटायचं, असलं काहीतरी इंग्रजीतच शोभतं. तिने एकदा मला ऐकवलं, "इंग्रजीत ओरडलं की आपली माणसं कौतुक करतात. मराठीत ओरडलं की त्यांना ऐकावं लागतं."

तिचे आणखीही कायदे होते. गाणं लोक नीट बसायच्या आत संपलं पाहिजे. कुणी व्हिडिओ काढायला लागलं की वाजवणं थांबवायचं. आणि चुकायचं तर जोरात चुकायचं. हा तिचा आवडता कायदा. माझं बोट चुकीच्या पडद्यावर पडलं, की मी सवयीने आवाज दाबायचे. लहानपणापासून तीच सवय : चुकलं तर कुणाला कळू न देणं. ती लगेच हात वर करून थांबवायची. "दाबलास. परत चूक. आता मोठ्याने." मी मोठ्याने चुकायचे. त्यात काय सुटल्यासारखं वाटायचं, ते ज्यांनी आयुष्यभर बरोबर म्हटलंय त्यांनाच कळेल. त्या दिवाळीत मी आईला सांगितलं, की मी गाण्याची पुढची परीक्षा देणार नाही. आई दोन दिवस बोलली नाही. मी ते दोन दिवस काढले. त्याआधी मला वाटायचं, की आई बोलली नाही तर मी जगूच शकणार नाही.

पण तिचा सगळ्यात मोठा कायदा वेगळाच होता. एकदा शेडमध्ये जयेशने कॉलेजच्या शिपायावर गाणं जुळवलं. शिपाई तोतरा होता, गेटवर आयकार्ड मागताना त्याची तारांबळ उडायची. गाणं मजेदार होतं, मीही हसले. तिने गिटार खाली ठेवलं.

"हे नाही वाजवायचं."

"अगं, गंमत यार."

"खाली बघून नाही ओरडायचं. ओरडायचं ते वर बघून. नाहीतर आपण आणि ती मागच्या बाकावरची पोरं एकच."

जयेशने ते गाणं पुन्हा काढलं नाही. मला आजही काही चिडून लिहायचं-बोलायचं असलं, की आधी मान कुठे आहे ते बघते.

एवढं सगळं असलं तरी ती घरात अगदी वेगळी असायची. तिचे बाबा त्याच पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टचे प्रमुख होते. अतिशय कमी बोलणारा माणूस. कामावरून आले की आधी मोरीत जायचे, कपडे स्वतः वेगळे धुवायचे, मग चहा. त्यांच्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'हळू'. दार हळू लाव, पंखा हळू कर, हळू बोल. आणि ती, जिच्या आवाजाने पत्रे हादरत, ती खरंच हळू बोलायची. तिची आई मात्र खमकी होती. लेकीने स्वतःच्या जॅकेटभर सेफ्टी पिना लावल्या होत्या, पंकवाले लावतात तशा. एका लग्नाला निघताना आई निऱ्यांना लावायला पिना शोधतेय, बांगड्या रिकाम्या, डबा रिकामा. शेवटी जॅकेट सापडलं. आईने हँगरवर लटकलेल्या त्या जॅकेटच्या शांतपणे एकेक पिना काढल्या आणि साडीला, पदराला, ब्लाऊजला लावत गेली. ती बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघ. आई माझ्यापेक्षा जास्त पंक आहे."

त्यांच्या वसाहतीच्या मागून एक नाला जायचा. त्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असायचं. तिथली मुलं शाळेत जाताना पुलावरून वाकून बघायची आणि पैज लावायची. त्या नाल्यावर तिने गाणं केलं :

सोमवारी हिरवा, मंगळवारी लाल,
बुधवारी फेस नि गुरुवारी गुलाल,
खिडक्या लावा, नाकं दाबा, गुपचूप बसा,
पाहुण्यांनी विचारलं तर गोड गोड हसा!

आणि मग ती ओरडायची, "आज कुठला?" ऐकणाऱ्यांनी रंग सांगायचा. "आज कुठला?" पुन्हा रंग. एवढंच गाणं. तिने ते वसाहतीतल्या मुलांना शिकवलेलं. मुलं जिन्यात, पार्किंगमध्ये, पुलावर ते म्हणत सुटली. आम्ही तिच्याकडे गेलो की गच्चीत वीस-पंचवीस पोरं जमायची आणि "आज कुठला?"ला असे काही रंग ओरडायची, की शेजारचे झोपेतून उठून यायचे.

बारावीच्या गणपतीत वसाहतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात आम्हाला एक गाणं मिळालं. मुलांचं आवडतं गाणं म्हणून समितीनेच दिलं. शब्द कुणी नीट ऐकले होते असं वाटत नाही. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मांडवाबाहेर फलक लागला आणि आम्हाला कळलं, की प्रमुख पाहुणे म्हणून तिच्या बाबांच्या कंपनीचे मालक येणार आहेत. मांडवाचा खर्च त्यांचाच होता. वसाहतीतली अर्धी घरं त्यांच्याकडे किंवा शेजारच्या कंपन्यांत कामाला.

आम्ही तिघं पुलावर भेटलो. खाली पाणी वाहत होतं. त्या दिवशीचं मला आठवत नाही, मी बघितलंच नाही.

"दुसरं गाणं घेऊ या," मी म्हटलं.

"तुझ्या बाबांची नोकरी हाय ती," जयेश म्हणाला. "पागल झालीस काय?"

"म्हणूनच म्हणणार," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या बाबांची असती तर म्हटलं नसतं."

"त्यांना विचारलंस?"

"काल सांगितलं. गाणं म्हणून दाखवलं. सगळं."

"मग?"

"म्हणाले, जेवून घे."

ती म्हणाली, तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, मी एकटी म्हणते, रागावणार नाही. जयेशने जमिनीकडे बघत पायाने एक दगड सरकवला. "तू एकटी म्हणशील तर येक-दोन-तीन कोन बोलेल?" तो म्हणाला. मीही तिथेच उभी राहिले, एवढंच.

कार्यक्रम संध्याकाळी आरतीनंतर होता. पहिल्या रांगेत सोफा, त्यावर मालक, शाल गुडघ्यांवर घेऊन. गोरे, हसतमुख गृहस्थ; दुष्ट वगैरे अजिबात दिसत नव्हते. तिचे बाबा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आई शेजारी. लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस झाला, एक नाच झाला आणि आमचं नाव पुकारलं. निवेदिकेने 'वास' ऐवजी 'सुवास' म्हटलं.

जयेशने आकडे मोजले. आम्ही सुरू केलं. पुढे सतरंजीवर बसलेली मुलं पहिल्याच ओळीला उठून उड्या मारायला लागली. मागच्या बायका हसत होत्या. मग शब्द पोचायला लागले. मी बेसवर खाली बघत होते, तरी मला ते जाणवलं. उकळत्या भांड्याखालचा गॅस कुणीतरी बारीक करावा, तसा मांडव उतरत गेला. मालक अजून हसत होते, पण ते हसू आता जागच्या जागी थांबलेलं.

"आज कुठला?" ती ओरडली.

कुणी बोललं नाही. मी वर बघितलं. आया पुढे सरकल्या होत्या. एकेका मुलाच्या खांद्यावर एकेक हात आला होता. गच्चीत गळा काढणारी ती पोरं तोंडं मिटून आयांकडे बघत होती.

"आज कुठला?"

जयेश वाजवत राहिला. समितीचे सचिव स्टेजच्या बाजूने वायरींकडे निघाले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी त्याआधी भीती पाहिली नव्हती. वर बघून ओरडायला ती तयार होती, पण समोरून काहीच येणार नाही, हे तिच्या हिशोबात नव्हतं. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा आवाज मध्येच फाटला. "आज... कुठला?"

"हिरवा."

तिसऱ्या रांगेतून. ओरडून नाही. कुणी वेळ विचारली तर सांगतात, तसं. तिचे बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते, उठलेही नाहीत. जयेशचा हात आपोआप थांबला, त्यामुळे तो शब्द सगळ्या मांडवाला स्वच्छ ऐकू गेला.

मग मागून एका बाईंचा आवाज आला, "हिरवाच! सकाळपासून हिरवा आहे मेला!" आणि मग पोरं सुटली. हिरवा, हिरवा, हिरवा. आयांचे हात होते तिथेच होते, पण आता ते दाबत नव्हते. सचिवांनी वायर खेचली, माईक गेला, गिटार गेलं. जयेशचे ड्रम तेवढे राहिले, आणि पोरं. गाणं ठरल्याप्रमाणे लोक नीट बसायच्या आत संपलं.

मालकांनी टाळ्या वाजवल्या. फॅन्सी ड्रेसची बक्षिसं दिली. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान आवाज आहे, बेटा."

पंधरवड्याने तिच्या बाबांची कंपनीच्या दुसऱ्या युनिटला बदली झाली, रोह्याकडे. कागदावर ती बढती होती. कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं कुणी काही ठेवलंच नव्हतं. आई-बाबांना जावं लागलं. तिची बारावी अर्धी झालेली. नातेवाइकांनी तिला ठेवून घ्यायला आढेवेढे घेतले. केसांवरून, कपड्यांवरून आणि आता या प्रकरणावरून. मी घरी विचारलं, आई म्हणाली, "चार दिवस ठीक आहे, वर्षभर कसं गं?" शेवटी जयेशच्या आईने एका वाक्यात विषय संपवला. "आथं र्‍हा. भात काय तुला येगला शिजवाचा हाय?"

ती बाळकुमला राहायला गेली आणि गप्प झाली. कॉलेजला यायची, अभ्यास करायची, जयेशच्या आईला कोलंबी सोलायला मदत करायची. गिटार शेडमध्ये भिंतीला टेकून उभं. आम्ही विषय काढला की म्हणायची, "परीक्षेनंतर." जयेशची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीला कं झाला गं? आदी डोका उठवाची. आता घरात हाय का नाय, ते पन कलत नाय."

एका रविवारी तिचे बाबा आले. एसटीने आलेले, वाटेत पेणला उतरून पोह्याचे पापड घेतलेले. जयेशच्या आईला पापड दिले, चहा घेतला आणि मागे शेडमध्ये आले. मी तिथे होते, उठून जायला लागले तर म्हणाले, "बस." तिथे एक पालथं घमेलं होतं, त्यावर ते बसले.

मग ती म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे झालं सगळं."

"काय झालं?"

"तुमची बदली. आईचं सगळं सुटलं. माझ्यामुळे."

त्यांनी विचार केला. तो माणूस विचार केल्याशिवाय 'पाणी दे' सुद्धा म्हणत नसे.

"तू प्रश्न विचारलास," ते म्हणाले. "उत्तर मी दिलं."

"पण मी विचारलं नसतं तर—"

"तिथे दोनशे माणसं होती. त्यांनाही विचारलंच होतंस की. ते नाही बोलले. मी बोललो. माझं उत्तर तू कशाला स्वतःच्या नावावर घेतेस? मला बरीच वर्षं द्यायचं होतं ते. कुणी विचारत नव्हतं."

ती रडायला लागली. मोठ्याने, बेसूर, नाक ओढत. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा जवळ आले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत. रडणं ओसरल्यावर भिंतीकडे मानेनेच खूण करून म्हणाले, "ते वाजवत नाहीस?"

"ऐकायचंय तुम्हाला?"

त्यांनी खिशात हात घातला. कारखान्यात कानात घालायचे ते नारिंगी स्पंजचे बोळे काढले, चिमटीत दाबून बारीक केले आणि दोन्ही कानांत नीट बसवले. मग हात मांडीवर ठेवले.

"हं," ते म्हणाले. "आता वाजव."

जयेशला हाक मारली. त्या दुपारी आम्ही येत होती तेवढी सगळी गाणी वाजवली. टॉवरमधून दोनदा वॉचमन येऊन गेला, त्याला जयेशच्या आईने परतवलं. बाबा शेवटपर्यंत घमेल्यावर बसून होते. संपल्यावर त्यांनी बोळे काढले, डबीत ठेवले आणि म्हणाले, "मधलं जरा लांबलं."

बारावीनंतर 'वास' संपला. भांडण वगैरे काही नाही. वाटा वेगळ्या झाल्या. जयेशचा आता हळदी-लग्नांना साऊंड लावायचा धंदा आहे, आणि फोनवर तो कुणाशीही त्याच्याच बोलीत बोलतो, समोरचा कुठलाही असो. मी एका ऑफिसात आहे आणि घरी गाते, बहुतेक वेळा सुरात. ती केमिकल इंजिनिअरिंगला गेली. आम्हाला धक्काच बसला. ती म्हणाली, "बाहेरून किती ओरडणार? आतलं काही कळतच नाही." मग तिने कारखान्यांच्या सुरक्षिततेचा कोर्स केला आणि आता ती अंबरनाथच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. केस अजून स्वतःच कापते. बाबा निवृत्त झाल्यावर तिघं कल्याणला राहायला आली.

परवा मी आणि जयेश तिच्याकडे जेवायला गेलेलो. ती नुकतीच कंपनीतून आलेली, घामाघूम, आणि एकदम खुशीत. त्या दिवशी मॉक ड्रिल होतं. म्हणजे आग लागली असं समजून भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी कामं टाकून खाली मैदानात यायचं. जो वेळेत आला नाही तो मेला असं धरायचं. मेलेल्यांची वेगळी रांग असते.

"सगळे आले," ती सांगत होती, "डायरेक्टर सोडून. वर केबिनमध्ये फोनवर. मी गेले. म्हटलं, सर, तुम्ही मेलात. ते म्हणाले, दोन मिनिटं मॅडम, महत्त्वाचा कॉल आहे. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला कॉल येत नाही, सर. तरी हाताने 'थांबा, थांबा' करतायत. मग मी ओरडले."

"किती?" जयेशने विचारलं.

"पूर्ण."

आई पोळी लाटता लाटता थांबली. बाबा पुढे झुकले. आता त्यांचे केस पांढरे झालेत, हात थोडा थरथरतो.

"मग?" त्यांनी विचारलं. "आला खाली?"

"आला ना. मेलेल्यांच्या रांगेत उभा केला. एकटाच, सगळ्यांच्या पुढे."

"उन्हात?"

"उन्हात. उंच आहे ना तो, बाबा. मागच्यांना सावली झाली."

बाबा हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. आधी आवाजच आला नाही, नुसते खांदे हलले. मग ठसका लागला, आईने पाणी आणून दिलं, ते ग्लास हातात धरून हसतच राहिले. "सावली झाली," ते म्हणाले, डोळे पुसत. "चला. एवढा तरी उपयोग झाला."